कर्ता नसलेली वाक्ये

कायदेशीर मजकुराचे भाषांतर मी ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या बाई नवा मसुदा हातात आला की आधी त्यातल्या सगळ्या क्रियापदांखाली शिसपेन्सिलीने रेघा ओढत. "नामांकडे बघू नकोस गं, नामं सगळीच गोजिरी असतात. करणारा कोण आणि तो नेमकं काय करणार, एवढं आधी शोध," असे त्या म्हणत. तेव्हा मला तो व्याकरणाचा धडा वाटला होता. पुढे मानवी हक्कांचे करार, त्यांवर राज्यांनी (म्हणजे सार्वभौम देशांनी) सादर केलेले अहवाल आणि त्या अहवालांवरचे आक्षेप असा मजकूर वर्षानुवर्षे मराठीत आणताना माझ्या लक्षात आले, की राज्यसंस्था जे कबूल करते आणि प्रत्यक्षात जे करते, त्यांतले अंतर मोजायला बाईंच्या त्या रेघा बऱ्याचदा पुरतात.

१६ डिसेंबर १९६६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दोन करार एकाच दिवशी स्वीकारले. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात राज्य त्या हक्कांचा 'आदर राखील आणि ते सुनिश्चित करील' अशी भाषा आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारात मात्र तेच राज्य, हे हक्क क्रमाक्रमाने पूर्णपणे साध्य व्हावेत म्हणून, उपलब्ध साधनसंपत्तीच्या कमाल मर्यादेपर्यंत 'पावले उचलील'. पहिल्या वाक्यात राज्याला पकडता येते. दुसऱ्यात पकडायला जावे तर हाती फक्त पाऊल लागते, आणि तेही उचललेले. या फरकाला काही कारण आहे, हे मला मान्य आहे. गरीब राज्य एका रात्रीत सर्वांना दवाखाने पुरवू शकत नाही. कैद्याला न मारण्यासाठी मात्र तिजोरी भरलेली असावी लागत नाही. पण अडचण अशी, की राज्ये दुसऱ्या वाक्याची सवय पहिल्या वाक्यालाही लावतात, आणि मारहाण थांबवणेसुद्धा क्रमाक्रमाने चालू असल्याचे अहवालांतून वाचायला मिळते.

२००८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य राज्याची मानवी हक्कांबाबतची कामगिरी दर काही वर्षांनी जिनेव्हात तपासली जाते. एका राज्यासाठी साडेतीन तास दिलेले असतात, इतर राज्ये एकामागून एक उठून शिफारशी करतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला फार तर एक-दोन मिनिटे येतात. तिथे शिफारस 'नाकारली' असे कोणी म्हणत नाही. ज्या शिफारशी मान्य असतील त्यांना 'पाठिंबा' मिळतो, उरलेल्यांची 'नोंद घेतली' जाते. आयुष्यात एकदा तरी कुठल्याही कचेरीत ज्याने अर्ज दिला आहे, त्याला 'नोंद घेतली' या शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या सगळ्याचा आरंभ जिथून मानतात, त्या १० डिसेंबर १९४८ च्या पॅरिसमधल्या मतदानाकडे मी पुनःपुन्हा वळते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने ४८ मते पडली, विरोधात एकही पडले नाही, आणि आठ राज्ये तटस्थ राहिली. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता. तिथे 'सर्व मानव' असा अर्थ देणारे शब्द आले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. ('माणूस' या आपल्या शब्दात बाई येते की नाही, यावर मराठीत अजून एकमत व्हायचे आहे, पण तो विषय वेगळा.) तटस्थ राहिलेल्यांत सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातली साम्यवादी राज्ये होती, सौदी अरेबिया होता आणि दक्षिण आफ्रिका होती. दक्षिण आफ्रिकेत त्याच वर्षीच्या मे महिन्यात वर्णविभाजनाचे धोरण घेऊन नवे सरकार निवडून आले होते. आपले कायदे आणि हा जाहीरनामा एका घरात नांदू शकत नाहीत, हे त्या सरकारला ठाऊक होते, आणि त्याने हात वर केला नाही. त्या सरकारबद्दल मला तिळमात्र आदर नाही. पण निःसंकोच हात वर करणाऱ्या ४८ जणांत ब्रिटन आणि फ्रान्स होते आणि दोघांच्याही ताब्यात वसाहती होत्या, हे वाचताना त्या तटस्थतेत एक ओबडधोबड प्रामाणिकपणा दिसतो, हे नाकारता येत नाही.

ब्रिटनचेच पाहू. युरोपीय मानवी हक्क करारनाम्याला १९५१ साली सर्वांत आधी अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक करून घेणारी संमती, दिले ते ब्रिटनने, आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये त्याने तो आपल्या बहुतेक वसाहतींनाही लागू केला. त्यात केनिया होता. केनियात तोवर आणीबाणी लागू होऊन एक वर्ष झाले होते आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ बंडात सामील असल्याच्या संशयावरून हजारो माणसे छावण्यांत कोंडली जात होती. १९५७ साली छावण्यांतल्या कैद्यांवरील बळाच्या वापराला कायद्यात कसे बसवायचे याचा खल चालू असताना, वसाहतीचे महान्यायवादी एरिक ग्रिफिथ-जोन्स यांनी गव्हर्नर एव्हलिन बॅरिंग यांना एक वाक्य लिहिले, जे मी मराठीत असे करीन: 'आपल्याला पाप करायचेच असेल, तर आपण ते गुपचूप केले पाहिजे.' या वाक्यातल्या क्रियाविशेषणापाशी मी बराच वेळ थांबले होते. 'मुकाट्याने' म्हटले तर त्यात सोसण्याची छटा येते, 'गाजावाजा न करता' म्हटले तर एखादा घरगुती समारंभ उरकल्यासारखे वाटते. 'गुपचूप' ठेवला. पण खरी नजर खिळली ती 'आपण' या शब्दावर. एवढ्या कागदपत्रांच्या ढिगात कर्ता स्वच्छ, उजळ माथ्याने आलेला होता, तो एका गोपनीय पत्रात.

जाहीर कागदावर तो कसा वागतो, ते दोन वर्षांनी दिसले. मार्च १९५९ मध्ये होला येथील छावणीत पहारेकऱ्यांनी केलेल्या मारहाणीत ११ कैदी मेले. सरकारी पत्रकात म्हटले होते, की पाण्याच्या गाडीतले पाणी प्यायल्यानंतर हे मृत्यू घडले, आणि त्याच गाडीतले पाणी पहारेकरीही पीत होते, अशी पुस्तीही जोडलेली होती. मृत्यू 'घडले'. पाऊस पडावा, अंधार पडावा, तसे. पुढे २०११ साली, म्हाताऱ्या झालेल्या केनियन कैद्यांनी लंडनच्या न्यायालयात भरलेल्या खटल्याच्या ओघात, ब्रिटिश सरकारने पन्नास वर्षे दडवून ठेवलेली वसाहतींची हजारो कागदपत्रे बाहेर आली. जून २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत मान्य केले, की केनियातल्या लोकांचा वसाहती प्रशासनाकडून छळ झाला. ५,२२८ दावेदारांसाठी एकूण १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड झाली, आणि कायदेशीर जबाबदारी मात्र त्याच निवेदनात नाकारली गेली. होलाच्या पत्रकापासून मोजले, तर 'कडून' हा एक शब्द यायला ५४ वर्षे लागली.

करारावर सही करतानाच पळवाट राखून ठेवायचीही एक रीतसर सोय आहे. तिच्या इंग्रजी नावाला मराठीत 'आरक्षण' म्हणावे, तर वाचक भलत्याच वादात शिरतो. म्हणून मी मनाशी तिला 'हातचा' म्हणते. बेरीज करताना हातचा राखतात, तसा इथे राज्य हातचा राखून सही करते. अमेरिकेने १९९२ साली नागरी व राजकीय हक्कांच्या कराराला अनुसमर्थन दिले, तेव्हा त्यातल्या हक्कांच्या कलमांची थेट अंमलबजावणी आपल्या न्यायालयांत होणार नाही, असे जाहीर केले. सौदी अरेबियाने २००० साली स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचे उच्चाटन करणारा करार स्वीकारताना, इस्लामी कायद्याच्या तत्त्वांशी जिथे विसंगती असेल तिथे हा करार आपल्यावर बंधनकारक नाही, असे लिहून दिले. भारताने १९७९ साली नागरी व राजकीय हक्कांच्या करारात सामील होताना, बेकायदा अटकेसाठी भरपाई मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही, असा हातचा राखला. त्या हातच्याचे पुढे काय झाले, ते सांगण्याजोगे आहे, आणि ते पुढे येईलच.

हातचा राखला नसेल, तर व्याख्या हाताशी असते. छळाविरुद्धचा करार १९८४ चा. त्याच्या पहिल्या कलमात 'तीव्र वेदना' असे शब्द आहेत, आणि दुसऱ्या कलमात युद्ध, आणीबाणी किंवा अन्य कोणतीही अपवादात्मक परिस्थिती छळाचे समर्थन होऊ शकत नाही, असे बजावले आहे. इतके बंद दार कायद्याच्या भाषेत क्वचितच सापडते. अमेरिकेने १९९४ मध्ये या करारालाही अनुसमर्थन दिले होते. १ ऑगस्ट २००२ रोजी तिथल्या न्याय खात्याच्या वकिलांनी एका टिपणात 'तीव्र' या विशेषणाचा अर्थ लावला: अवयव निकामी होणे, शरीराचे एखादे कार्य बंद पडणे किंवा मृत्यू येणे, अशा गंभीर इजेबरोबर होणाऱ्या वेदनेइतकी वेदना असेल, तरच ती छळ म्हणावी. त्याच महिन्यात अबू झुबैदा या कैद्याला फळीवर बांधून, तोंडावर फडके टाकून त्यावर पाणी ओतण्याचा प्रकार ८३ वेळा करण्यात आला. करारातला एकही शब्द खोडलेला नव्हता. विशेषण तेवढे इतके फुगवले होते, की त्याच्याखाली जिवंत माणसाची कोणतीही वेदना मावेनाशी झाली. ते टिपण २००४ मध्ये मागे घेतले गेले. त्या पद्धतींचे अधिकृत नाव मराठीत शब्दशः 'वर्धित चौकशी तंत्रे' असे होईल. माझ्याकडून ते लिहिले जात नाही.

मराठीत बसून केवळ लंडन आणि वॉशिंग्टनचे हिशेब मांडत राहणे सोयीचे आहे. भारताने छळाविरुद्धच्या करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. सही म्हणजे हेतूची घोषणा. बंधन येते ते अनुसमर्थनाने, आणि ते आजतागायत झालेले नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले, समितीने ते सुधारून परत दिले, आणि लोकसभेची मुदत संपली तसे तेही संपले. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली आणि सोबत विधेयकाचा नवा मसुदा दिला. जिनेव्हातल्या आढाव्यांत इतर राज्ये हीच शिफारस भारताला दर खेपेस करतात. दरम्यान आपल्या वर्तमानपत्रांतले ठरलेले वाक्य मात्र बदललेले नाही: आरोपीच्या छातीत अचानक कळ आली, त्याला रुग्णालयात हलवण्यात आले, उपचारांपूर्वीच त्याचा मृत्यू झाल्याचे घोषित करण्यात आले. कळ येते, हलवले जाते, घोषित केले जाते. तिन्ही वाक्यांत खाकी कपड्यातले कोणी नाही.

याच्या उलट दिशेने चाललेला एक मजकूर आपल्याच न्यायालयात तयार झाला. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी, कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र भारताच्या सरन्यायाधीशांना लिहिले. ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले गेले. १८ डिसेंबर १९९६ रोजी लागलेला निकाल डी. के. बसू खटल्याचा निकाल म्हणून ओळखला जातो. त्यात अटकेसंबंधी ११ निर्देश आहेत, आणि त्यांतला पहिला मला फार आवडतो. अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसांनी आपले नाव व हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावावी. मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा करून झाल्यावर न्यायालयाने आधी काय मागितले, तर छातीवरची नावाची पट्टी. त्यामागोमाग अटकेचे टिपण येते, ज्यावर वेळ आणि तारीख हवी, साक्षीदाराची सही हवी, आणि अटक झालेल्याचीही सही हवी. भरपाईबाबतचा १९७९ चा तो हातचा आता गैरलागू झाला आहे, असेही त्याच निकालात म्हटले आहे, कारण तोवर न्यायालये मूलभूत हक्कांच्या भंगासाठी भरपाई देऊ लागली होती. पट्ट्या सगळीकडे लागल्या, असे मी म्हणत नाही. २०२० मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाला प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा आदेश द्यावा लागला, यावरून काय ते समजावे.

या विषयाचा विचार करताना एक जिना माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तो मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. बुएनोस आयरेसमधल्या नौदलाच्या यांत्रिकी शाळेत, जिला तिच्या आद्याक्षरांवरून 'एस्मा' म्हणतात, अधिकाऱ्यांच्या निवासाची एक इमारत होती. १९७६ साली अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतल्यानंतर तिचा पोटमाळा आणि तळघर गुप्त कोठडी म्हणून वापरले जाऊ लागले. डोक्यावर बुरखा चढवलेली माणसे वर ठेवायची आणि छळासाठी खाली न्यायची, अशी तिथली व्यवस्था होती. मधल्या मजल्यांवर अधिकारी राहत होते. १९४८ च्या त्या ४८ मतांत अर्जेंटिनाचेही एक मत होते. सप्टेंबर १९७९ मध्ये आंतरअमेरिकी मानवी हक्क आयोगाचे पथक चौकशीला येणार, असे ठरले. सरकारने काय करावे? सुटलेल्या कैद्यांनी परदेशात दिलेल्या जबान्यांत तळघरात उतरणाऱ्या जिन्याचे आणि लिफ्टचे वर्णन होते. म्हणून नौदलाने जिना बंद केला आणि लिफ्ट काढून टाकली, म्हणजे पथकाने जबानी हातात धरून इमारत पाहिली, तर जबानी खोटी ठरावी. उरलेल्या कैद्यांना नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका बेटावर हलवले. त्या बेटाचे नाव 'एल सिलेन्सिओ', म्हणजे मौन. हे मी रचले असते, तर कोणीही संपादकाने खोडले असते.

शहरात त्याच दिवसांत मोटारींच्या काचांवर एका घोषणेचे स्टिकर दिसत होते. स्पॅनिशमध्ये 'देरेचो' या शब्दाचा अर्थ हक्क असाही होतो आणि सरळ असाही. 'देरेचोस उमानोस', म्हणजे मानवी हक्क, या दोन शब्दांमध्ये 'आणि' घालून सरकारी मोहिमेने घोषणा केली होती, की आम्ही अर्जेंटिनाचे लोक सरळ आहोत आणि माणसे आहोत. आयोगाच्या कार्यालयाबाहेर, आव्हेनिदा दे मायो या रस्त्यावर, बेपत्ता झालेल्यांच्या नातलगांची तक्रार नोंदवण्यासाठी रांग लागली होती. त्याच सुमारास टोकियोत अर्जेंटिनाच्या तरुण संघाने फुटबॉलची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि आकाशवाणीवरच्या लोकप्रिय समालोचकाने लोकांना त्याच रस्त्यावर जाऊन आयोगाच्या मंडळींना देशाचा खरा चेहरा दाखवण्याचे आवाहन केले. जल्लोष करणारा जमाव रांगेजवळून गेला. रांग मोडली नाही.

जिन्यावर मी इतकी रेंगाळते, त्याचे कारण सांगते. करार म्हणजे नुसती कागदाची रद्दी असती, तर जिना बुजवण्याचा खटाटोप कोणी केला असता? ज्याला शब्दाची किंमत नसते, तो शब्द मोडतो आणि पुढे जातो. गवंडी बोलावत नाही. राज्यसंस्था गवंडी बोलावते, व्याख्या फुगवते, पाण्याच्या गाडीची कहाणी रचते, म्हणजे कुठेतरी तिला तो कागद टोचत असतो. हा काही मोठा दिलासा नव्हे. तळघरातल्या माणसाला त्या टोचण्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण 'हे सगळे करार म्हणजे बोलाचीच कढी' असे सुशिक्षित मंडळी ज्या तृप्त सुरात म्हणतात, तो सूर मला पटत नाही, कारण ज्यांना त्या कागदाची खरी गरज पडली, त्यांनी तो तसा कधीच वाचला नाही.

चेकोस्लोव्हाकियाने १९६६ च्या दोन्ही करारांना अनुसमर्थन दिले आणि ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांचा मजकूर आपल्या अधिकृत कायदेसंग्रहाच्या १२० व्या क्रमांकात छापला. छापणाऱ्यांना बहुधा वाटले असावे, की कायदेसंग्रह वाचतो कोण. जानेवारी १९७७ मध्ये सुमारे २४० नागरिकांनी सही केलेले एक निवेदन प्रसिद्ध झाले आणि त्याची सुरुवातच त्या क्रमांकाने आणि तारखेने होते. अमुक दिवशी तुम्ही हे छापले आहे, तेव्हा हा आता आमचा कायदा आहे, आणि तो इथे, इथे आणि इथे मोडला जातो, एवढेच त्यात शांतपणे मांडले होते. 'चार्टर ७७' म्हणून ते ओळखले जाते. त्याच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक, तत्त्वज्ञ यान पातोच्का, हे वयाच्या ६९ व्या वर्षी पोलिसांच्या प्रदीर्घ चौकश्यांना तोंड देत होते. तब्येत ढासळून १३ मार्च १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. 'निधन झाले' असे मी लिहिले खरे, आणि लिहिताना पेन्सिल हातात होती.

अर्जेंटिनातही लढाई क्रियापदावरच होती. एप्रिल १९७७ पासून प्लाझा दे मायो या चौकात जमणाऱ्या, बेपत्ता झालेल्यांच्या आया 'आमची मुले कुठे आहेत' असे विचारत होत्या, आणि डिसेंबर १९७९ मध्ये लष्करशहा व्हिदेला यांनी पत्रकारांसमोर उत्तर दिले, की बेपत्ता माणसाला अस्तित्वच नसते. तो मेलेला नसतो, जिवंत नसतो, तो बेपत्ता असतो. 'बेपत्ता' हे विशेषण माणसाला असे चिकटवले, की जणू हरवणे हा त्याचाच गुण होता. पुढे १९८४ साली लोकशाही सरकारने नेमलेल्या आयोगाने अशा जवळपास ९,००० व्यक्तींची नोंद केली. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी माणसे बेपत्ता करण्याच्या या गुन्ह्याविरुद्ध स्वतंत्र करार स्वीकारला. भारताने त्यावर २००७ मध्ये सही केली आहे. अनुसमर्थन अर्थातच बाकी आहे.

त्या कराराच्या शीर्षकाशीच मी अडले होते. पहिल्या खर्ड्यात माझ्या हातून 'सक्तीने बेपत्ता होण्यापासून सर्व व्यक्तींचे संरक्षण' असे लिहिले गेले होते, आणि ते कानाला इतके सहज वाटत होते, की दोन दिवस मला त्यात काही खटकले नाही. बाई तेव्हा हयात नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मी 'होण्यापासून' खोडले आणि 'केले जाण्यापासून' लिहिले. वाक्य जड झाले, आणि शीर्षकात करणारा तरीही आला नाही, कारण कर्मणी प्रयोगात त्याला गाळायची मुभा असते. तो पुढे दुसऱ्या कलमात सापडला. राज्याच्या हस्तकांनी, किंवा राज्याच्या अधिकाराने, पाठिंब्याने वा मूकसंमतीने वागणाऱ्यांनी, माणसाला धरून नेणे आणि त्यानंतर तसे केल्याचे कबूल करायला नकार देणे किंवा त्याचा ठावठिकाणा दडवणे, अशी ती व्याख्या आहे; नाकारणे हासुद्धा गुन्ह्याचाच भाग म्हणून तिथे नोंदला गेला आहे. मी शिसपेन्सिल घेतली आणि क्रियापदे सोडून 'राज्याच्या हस्तकांनी' या दोन शब्दांखाली रेघ ओढली.